आखडलेले माप

गिरणगावात वाढलेल्या आम्हां मंडळींना कोरे कापड पाण्यात आखडते, हे सांगावे लागत नाही. मानवी अवयवाच्या तुकड्याचेही तसेच आहे. परळला १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी वाहिली. अशा प्रयोगशाळेत तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली येण्यापूर्वी फॉर्मॅलिन, मद्यार्क, तापलेले मेण यांतून जातो आणि आखडतो; पेशी मुळापेक्षा लहान भरते. फुप्फुस तर फुगविले नाही तर मिटूनच जाते. म्हणून १९४९ साली कार्डिफच्या गॉफ व वेंटवर्थ यांनी फॉर्मॅलिनने फुगविलेल्या सबंध फुप्फुसाचे काप कागदावर चढविले. खाणकामगारांचा रोग त्यांत उघड दिसला. श्रोतेहो, आमच्या माणसांच्या छातीत कापसाची धूळ गेली आहे. मजुरीचा हिशेब तपासतो त्याच चिकाटीने आपणही विचारू: आकडा कळला, तुकडा कसा तयार केला?