झडणे आणि झिजणे

मराठीत 'झडणे' या क्रियापदाचा संसार मोठा आहे. पाने झडतात, केस झडतात, नौबत झडते, फैरी झडतात. आणि कुणाचा तळतळाट ओढवून घेतला तर 'हात झडोत' असा शापही ऐकावा लागतो. या शापामागे एक विशिष्ट रोग उभा आहे, याचे भान आता फारसे उरलेले नाही. रक्तपिती, महारोग, कुष्ठरोग अशी त्या रोगाची नावे बदलत गेली. 'बोटे झडतात' हे वाक्य मात्र होते तसेच राहिले. व्याकरणदृष्ट्या ते अकर्मक आहे. बोटे कशाने गेली, हा प्रश्नच त्या वाक्यरचनेत उद्भवत नाही. पिकले पान गळावे तशी बोटे गळतात. तिथे कोणी काय करावे? एका क्रियापदाने माणसांचे हात असे निकालात काढले असतील, तर त्या क्रियापदाची झडती घेणे हे भाषेच्या अभ्यासकाचेही काम आहे, असे आम्हाला वाटते.

त्यासाठी आधी हाताच्या रचनेकडे पाहावे लागेल. मनगटाची 8, तळहाताची 5 आणि बोटांची 14 अशी एका हातात 27 हाडे असतात. प्रौढ शरीरातील एकूण 206 हाडांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक हाडे केवळ दोन हातांत सामावलेली आहेत. पण खरे आश्चर्य वेगळेच आहे. बोटे हलवणारे स्नायू बोटांत नसतातच. मोठे बलवान स्नायू कोपर ते मनगट या भागात असतात आणि कंडरांच्या, म्हणजे चिवट दोऱ्यांच्या, साहाय्याने ते दुरून बोटे ओढतात. कठपुतळीच्या खेळात दोऱ्या वर आणि बाहुली खाली असते, तसाच हा प्रकार. तळहातात असतात ते लहान स्नायू. ते बोटांना तोल देतात आणि सुईत दोरा ओवण्यासारखी नाजूक कामे साधून देतात.

ही गोष्ट युरोपात चित्रकारांनाही ठाऊक होती. रेम्ब्रांटने 1632 साली अॅमस्टरडॅममध्ये डॉ. निकोलस तुल्प यांच्या शरीररचनेच्या पाठाचे प्रसिद्ध चित्र काढले. त्यात तुल्प चिमट्याने मृतदेहाच्या हाताचे बोटे वाकवणारे स्नायू उचलून धरतात आणि आपल्या डाव्या हाताची बोटे किंचित मिटून त्या स्नायूंचे कार्य दाखवतात. मृत हातातील दोरी आणि जिवंत हातातील हालचाल एकाच चौकटीत आली आहे. पुढे 1833 साली चार्ल्स बेल यांनी मानवी हातावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला आणि हाताच्या रचनेत त्यांना ईश्वरी योजनेचा पुरावा दिसला. हाताचे इतके स्तवन झाले; पण कुष्ठरुग्णाच्या हाताकडे या ज्ञानाच्या उजेडात पाहायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला.

ते पाहणारे शल्यविशारद म्हणजे डॉ. पॉल ब्रँड. तामिळनाडूतील कोल्ली टेकड्यांत मिशनरी आईवडिलांच्या पोटी 1914 साली त्यांचा जन्म झाला. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन 1946 साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. पुढल्या वर्षी चिंगलपेटच्या कुष्ठधामाला भेट दिली असताना, आकड्यासारखी वळलेली बोटे असलेल्या एका रुग्णाला त्यांनी आपला हात दाबायला सांगितले. पकड दुबळी असेल अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती इतकी जबर होती की त्यांना कळ आली. रुग्णाला मात्र आपण किती जोर लावतो आहोत, याची जाणीवच नव्हती.

त्या एका हस्तांदोलनात रोगाची सारी उकल दडलेली होती. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीरातील थंड जागा मानवतात; म्हणून कोपराच्या आतल्या बाजूला आणि मनगटाशी त्वचेच्या जवळून जाणारे मज्जातंतू तो गाठतो. परिणामी तळहातातील लहान स्नायू लुळे पडतात आणि बोटांचा तोल जाऊन पंजा वळतो. परंतु कोपराखालचे बहुतेक मोठे स्नायू शाबूत असतात. 1948 पासून ब्रँड यांनी यांपैकी एखाद्या धडधाकट स्नायूची कंडरा सोडवून ती लुळ्या बोटांकडे वळवण्याच्या शस्त्रक्रिया आरंभल्या. वळलेली बोटे सरळ होऊ लागली.

तरी बोटे आखूड का होतात, हा प्रश्न उरलाच होता. रुग्णांचे मांसच नासके असते, ते भरून येत नाही, असा वैद्यकातही समज होता. ब्रँड यांनी पाहिले, की जखम झाकून तिला विसावा दिला तर ती इतर कोणाच्याही जखमेसारखी भरते. एकदा गंजलेल्या कुलपात त्यांच्याने किल्ली फिरेना. एका कुष्ठरुग्ण मुलाने ती सहज फिरवली. पाहतात तो त्याचे बोट हाडापर्यंत चिरले होते, आणि मुलाला त्याचा पत्ता नव्हता. काही रुग्णांच्या बोटांचे तुकडे रात्रीत नाहीसे होत. पाळत ठेवल्यावर कळले, की झोपेत उंदीर ती कुरतडत होते. वेदना नसल्यामुळे कोणी जागे होत नव्हते. पुन्हा पुन्हा जखमा होतात, त्या चिघळतात, आणि आतले हाड हळूहळू विरत जाते. अशा आखूड झालेल्या बोटाच्या टोकाशी पुष्कळदा नखाचा अवशेष दिसतो. बोट झडले असते, तर नख मागे कसे राहिले असते?

म्हणजे बोटे झडत नाहीत, झिजतात. 'झिजणे'ही अकर्मकच, पण त्यात घर्षण आहे, वापर आहे, काळ आहे. आणि जे झिजते ते जपता येते. चुलीवरचे भांडे उचलताना फडके, अवजाराला जाड मूठ, रोज संध्याकाळी हात नीट न्याहाळण्याची सवय, एवढ्या साध्या गोष्टींनी बोटे वाचतात. ज्याची वेदना गेली, त्याने डोळ्यांनी दुखणे शिकायचे.

बरा झालेला हात मात्र नवा पेच घेऊन आला. सरळ बोटांच्या हातावर लोक भीक घालीनात, अशी तक्रार ब्रँड यांच्या रुग्णांनी केली. वळलेल्या हातावरच त्यांचे पोट होते. म्हणून 1951 साली वेल्लोरला एक वसाहत उभी राहिली. तिथे रुग्ण सुतारकामासारखी कामे शिकू लागले. महाराष्ट्रात हाच पेच वेगळ्या मार्गाने सोडवला जात होता. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन 1946 साली आणि वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचे आनंदवन 1949 साली सुरू झाले. उरलेल्या बोटांनी विहिरी खोदता येतात, शेती करता येते, हे आनंदवनाने दाखवले. वेल्लोरने हाताला हालचाल परत दिली, आनंदवनाने काम. यांतले एक दुसऱ्यावाचून अपुरे आहे.

1982 पासून बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो. वेळीच निदान झाले तर हाताला धक्काही लागत नाही. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणाऱ्या तरतुदी आपल्या कायद्यांतून निघायला मात्र 2019 साल उजाडले. कायदा रोगापेक्षा हळू चालतो, आणि भाषा कायद्यापेक्षाही. शब्दकोशातून 'झडणे' काढा, असे आम्ही म्हणणार नाही. पानांसाठी ते हवेच आहे. पण 'चंदनासारखे झिजणे' हा ज्या भाषेत गौरव आहे, तिने या हातांसाठी योग्य क्रियापद योजायला इतका उशीर का लावावा, हा प्रश्न वर्गात वाक्प्रचार शिकवताना आम्हाला टाळता येत नाही.