तहातलं एक कलम

वाजेघर मागे पडलं की पालीच्या बाजूने राजगडाची चढण लागते. गुंजवण्याकडून चोर दरवाजाने येणाऱ्याची छाती फुटते. ही मात्र राजवाट, रुंद, पायऱ्यांची. वर एकामागोमाग दोन दरवाजे. पाली दरवाजाच्या सावलीत तुम्ही घाम पुसता आणि खाली नजर टाकता, तर गाड्यांचा तळ नाही, चहाची टपरी नाही. साल १६६५. एप्रिल संपत आलाय.

खोऱ्यात धूर आहे. वणव्याचा नव्हे, वणवा डोंगर चढत जातो, हा गावागावांतून वेगवेगळा उठतोय. मिर्झाराजा जयसिंग पुरंदरला वेढा घालून बसलाय आणि त्याने दाऊदखान कुरेशीला मुलूख जाळायला पाठवलंय. रोहिड्याकडची पन्नासएक गावं पेटवून तो आता राजगडाखाली आलाय. गडावरून तोफा सुटतात, फौज मारा चुकवत सरकते. धुळीत गुरं दिसतात, आणि गुरांच्या मागे माणसंही हाकली जाताना दिसतात. मोगली छावणीतून निघणाऱ्या पत्रांत दोन्हींची नोंद एकाच दमात होते: इतके कैदी, इतकी जनावरं. लुटीत धरलेल्या माणसाला त्या काळी बाजार होता, हे तुमच्या शेजारी भाला टेकून उभ्या असलेल्या मावळ्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. त्याचं घर खालीच आहे.

दीड महिन्याने तुम्ही पुरंदरच्या पायथ्याशी आहात. जूनचा पाऊस तोंडावर. किल्लेदार मुरारबाजी पडलाय, पण बालेकिल्ला अजून झुंजतोय. शिवाजीराजे जयसिंगाच्या डेऱ्यात आलेत आणि तह ठरतोय. तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख द्यायचा. बारा किल्ले आणि एक लाखाचा मुलूख ठेवायचा. राजगड, तोरणा, रायगड ठेवायचेत. आठ वर्षांच्या संभाजीराजांच्या नावे पाच हजारी मनसब. शाळेत हा तह आपल्याला मानहानी म्हणून शिकवला गेला. डेऱ्याबाहेर उभं राहिलात तर दुसरंच दिसतं. पुरंदरावरून सुमारे सात हजार माणसं खाली उतरताहेत, त्यांत लढणारी चार हजार, बाकी बायकापोरं. ती धरली जात नाहीत, चालत निघून जातात. राजांनी दगड दिले, महसूल दिला, स्वतःच्या घराची चाकरी देऊ केली, माणसं सोडवली. दगड पुढे पाच वर्षांत परत घ्यायला लागले, कोंढाण्यापासून.

आता बारा वर्षं पुढे आणि खूप दूर दक्षिणेला या. १६७७, कर्नाटकची मोहीम. पूर्व किनाऱ्यावर देवनामपट्टणला डच कंपनीची वखार आहे. मुलूख राजांच्या ताब्यात आल्यावर डच जुन्या सवलतींचा नवा कौल मागतात, आणि बहुतेक सवलती त्यांना मिळतात. एक कलम मात्र निराळं पडतं. आधीच्या राजवटीत तुम्ही इथे गुलाम पुरुष आणि बायका विकत घेऊन बाहेर नेत होता, आता मी या मुलुखाचा धनी असेतो ते चालणार नाही. न्यायला लागलात तर माझी माणसं अडवतील. आशय हा. त्याच किनाऱ्यावरून १६५९ ते ६१ च्या दुष्काळात डचांनी हजारो माणसं सिलोनला आणि बटाव्हियाला नेली होती. म्हणजे हे कलम शोभेचं नव्हतं, चालू धंद्यावर घाव होता.

इथे छाती फुगवायच्या आधी आणखी शंभर वर्षं पुढे सरका. पेशवाई आहे. किल्ल्याच्या कोठीत एक बाई जात्यावर बसली आहे. ती कुणबीण, म्हणजे दासी. शिंदळकीचा ठपका येऊन सरकारजमा झालेली. तिला शिधा मिळतो, लुगडं मिळतं, आणि दोन्हींचा खर्च दफ्तरात लिहिला जातो. म्हातारपणी अर्ज केला तर सुटकाही मिळू शकते. कारकून वाईट नाही, चोख आहे, हेच जास्त अंगावर येतं. परक्याला माणूस विकायचा नाही, हे कलम लिहिलं गेलं. घरच्या कोठीसाठी तसं कलम कुणी लिहिलं नाही.

१८२०. भोरला पंतसचिवांशी इंग्रज करार करताहेत. राजगड, पाली, सारं पंतसचिवांच्याच जहागिरीत. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने मिसुरीची तडजोड मंजूर केली. मिसुरी गुलामीचं राज्य, मेन मोकळं, आणि पश्चिमेच्या उरलेल्या मुलुखात ३६ अंश ३० मिनिटांवर रेघ: उत्तरेला गुलामी नाही, दक्षिणेला चालेल. किल्ले वाटून घ्यावेत तशी माणसांची कैद अक्षांशावर वाटली गेली. तेव्हा तिथे गुलाम होते सुमारे पंधरा लाख.

वॉशिंग्टनच्या सिनेटमध्ये तुम्ही शिराल ते १८५० च्या मार्चमध्ये. गॅलरीत गर्दी आहे. कॅलिफोर्निया मोकळं राज्य म्हणून आत यायला बघतंय आणि दक्षिणेचा तोल जातोय. साऊथ कॅरोलायनाचा कॅल्हून इतका खंगलाय की त्याचं भाषण दुसऱ्याने वाचावं लागतं. महिना संपायच्या आत तो जाणार आहे. नव्या तडजोडीचा कर्ता हेन्री क्ले, पन्नास वर्षं गुलामीला वाईट म्हणत आलेला आणि स्वतः गुलाम बाळगणारा. कॅलिफोर्निया मोकळं होतं, राजधानीतला गुलामांचा बाजार बंद होतो, आणि बदल्यात पळालेल्या गुलामाला पकडून देण्याचा कडक कायदा येतो. त्या कायद्याचं एक कलम जरूर वाचा. पकडून आणलेला माणूस धन्याचा आहे असा निकाल दिला तर अधिकाऱ्याला दहा डॉलर. मोकळा आहे असा दिला तर पाच. आरोपीला ज्यूरी नाही, स्वतःची साक्ष देता येत नाही. आता बोस्टनमध्ये राहणाऱ्या, गुलामीशी आपला संबंध नाही म्हणणाऱ्या माणसालाही पकडणाऱ्यांना मदत करणं भाग आहे. देश वाचवायला केलेल्या या तहाने उत्तरेतल्या शांत माणसांना जेवढं चिडवलं, तेवढं कुठल्याच व्याख्यानाने चिडवलं नसेल.

पुढचं भराभर होतं. १८५४ मध्ये ३६ अंश ३० ची रेघच पुसली, कॅन्ससमध्ये रक्त सांडलं. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की काळा माणूस नागरिक होऊच शकत नाही. १८६१ च्या एप्रिलमध्ये यादवी युद्धाच्या तोफा. १८६० च्या खानेसुमारीत गुलाम होते एकोणचाळीस लाखांवर. चाळीस वर्षांच्या तडजोडींचा हिशेब एवढाच: पंधराचे एकोणचाळीस. युद्ध टळलं नाही, ते मोठं होऊन आलं.

पुरंदरचा तह आणि मिसुरीचा तह यांत मला हा फरक दिसतो. एकात देणाऱ्याने आपलं दिलं. दुसऱ्यात दोन्ही बाजूंनी तिसऱ्याचं दिलं, आणि तो तिसरा डेऱ्यात नव्हता.

इंग्रजांनी तरी काय वेगळं केलं? १८३३ मध्ये त्यांच्या पार्लमेंटने साम्राज्यातली गुलामी मोडली, पण ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळून. इथे १८४३ चा पाचवा कायदा आला; त्याने कोर्टात गुलामावर मालकी सांगता येईना, पण गुलाम ठेवणं गुन्हा झालं नाही. गुलाम विकत घेणं गुन्हा ठरलं ते दंडसंहितेने, १८६२ पासून, तिकडे युद्ध पेटलेलं असताना. १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापलं आणि ते गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. तिकडचं युद्ध इकडे कुणी नीट वाचलं असेल तर त्यांनी.

वेठ मात्र राहिली. सरकारी माणूस आला की ओझं उचलायला, गवत-लाकूड पोचवायला गावातली ठराविक माणसं ठराविक जातींतून बोलावली जात, आणि मजुरीचा प्रश्न येत नसे. भोर संस्थान ८ मार्च १९४८ ला विलीन झालं. २६ जानेवारी १९५० पासून घटनेच्या २३ व्या कलमाने माणसांचा व्यापार आणि वेठ दोन्ही एकाच वाक्यात बंद केले. कर्जापायी राबवून घेण्याची पद्धत मोडणारा देशभराचा कायदा यायला त्यानंतरही १९७६ उजाडलं.