काळ्या पडद्यावरची आज्ञा

वाचकहो, महाळुंगे आणि चाकणच्या कारखानी पट्ट्यात संगणकाचे नवल आता उरलेले नाही. शाळेतले पोरही माऊस सहज फिरवते. पण काळ्या पडद्यावर नुसती खूण लुकलुकू लागली की शिकलेला माणूसही बिचकतो. तिथे चित्र नाही, बटण नाही. आपण आज्ञा लिहावयाची आणि यंत्राने ती पाळावयाची. यालाच कमांड लाइन म्हणतात.

गुरुजी, मुलांची भीती घालवायची तर आधी तिची जन्मकथा सांगा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा संगणक पुरा झाला. त्याला काम सांगत ते भोके पाडलेल्या कागदी फितीवरून. पुढे १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी 'युनिक्स' रचण्यास आरंभ केला. त्या काळच्या टेलिटाइप यंत्रावर अक्षरे कागदावर उमटत, सेकंदाला फार तर दहा! मग शब्द लांबवणार कोण? 'लिस्ट'चे 'एलएस' झाले, 'कॉपी'चे 'सीपी'. २०१३ साली बंद झालेली आपली तार आठवा. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून मजकूर आखडता घेत असू ना? तसेच हे.

१९९१ साली आलेल्या लिनक्सने याच आज्ञा चालू ठेवल्या. पुण्यात पाषाणला आयसर संस्थेत २०१९ साली 'परम ब्रह्म' हा महासंगणक उभा राहिला, त्यालाही गणित सांगावयाचे ते अशाच ओळी लिहून.

शिकवताना मी पेशवे दप्तराचा दाखला देतो. तिथले कागद रुमालांत बांधलेले. आपण कोणत्या रुमालात आहोत, हे 'पीडब्ल्यूडी' सांगते. आत काय आहे, ते 'एलएस' दाखवते. दुसरा रुमाल उघडायचा तर 'सीडी'. आज्ञा नीट पार पडली की यंत्र बहुधा गप्प राहते. पोरांना वाटते, बिघडले! तसे नव्हे, चुकले असते तर ते बोलले असते.

'आरएम'पाशी मात्र थांबा. ही आज्ञा फाइल पुसते आणि पुसलेली फाइल परत काढावयास तिथे कचऱ्याची टोपली नसते. म्हणून सरावाला वेगळे फोल्डर करा, आणि एंटर दाबण्याआधी ओळ मोठ्याने वाचून घ्या. जुना संगणकही यास पुरतो. लिनक्स फुकट मिळते, आणि मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात त्याचे धडे मराठीतूनही ऐकावयास मिळतात.