हिवाळ्यातील दिवा आणि अंड्याचा हंगाम : कुक्कुटपालनातील कृत्रिम प्रकाशाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

हिवाळ्यात खुराड्यात दिवा लावला की कोंबडीचे अंडी देणे थांबत नाही, ही गोष्ट कुक्कुटपालनाच्या पाठ्यपुस्तकांतून दोन-चार ओळींत सांगितली जाते. शास्त्रज्ञांनी प्रकाशाचा परिणाम शोधला व शेतकऱ्यांनी तो वापरला, असा क्रम त्यामागे गृहीत धरलेला असतो. प्रत्यक्षात इतिहास याच्या उलट आहे. दिवा आधी लागला. तो का उपयोगी पडतो याचे उत्तर पुष्कळ नंतर मिळाले, आणि मधल्या काळात जी उत्तरे दिली गेली ती बहुतांशी चुकीची होती. कृती बरोबर आणि कारण चूक, असा हा प्रवास आहे. त्याचा मागोवा घेणे आणि या दिव्याने नेमके काय बदलले हे तपासणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. मुख्य विवेचन हा प्रयोग जेथे व्यापक प्रमाणावर रुजला त्या उत्तर अमेरिकेपुरते मर्यादित असून महाराष्ट्राचा संदर्भ अखेरीस तुलनेपुरता घेतला आहे.

अंड्याचा हंगाम आणि त्याचा बाजार :

आज अंडे बारमाही वस्तू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मात्र ते आंब्याइतकेच हंगामी होते. कोंबडीचा पूर्वज असलेला रानकोंबडा हा पक्षी पिलांना अन्न मिळेल अशा ऋतूत वीण करतो. पाळीव कोंबडीने ही ऋतूची जाणीव पूर्णपणे टाकलेली नाही. उत्तरेकडील थंड प्रदेशांत उन्हाळा सरता सरता कोंबड्यांची पिसे झडू लागत, अंडी कमी होत आणि नोव्हेंबर ते जानेवारी या काळात ती जवळजवळ बंद पडत. फेब्रुवारीनंतर दिवस मोठा होऊ लागला की पुन्हा सुरुवात होई व एप्रिल-मेमध्ये बाजारात अंड्यांचा सुकाळ होई. त्या काळातील सामान्य शेतावरची कोंबडी वर्षाकाठी शंभराच्या आतच अंडी देई आणि त्यांतील मोठा वाटा वसंतातील मोजक्या महिन्यांत येई.

याचा परिणाम भावावर होणे अपरिहार्य होते. वसंतात मातीमोल असलेले अंडे नाताळच्या सुमारास चैनीची वस्तू बने. ही दरी भरून काढण्यासाठी गृहिणी अंडी चुन्याच्या निवळीत किंवा सोडियम सिलिकेटच्या द्रावणात बुडवून ठेवीत. पुढे शीतगृहे आली आणि व्यापारी वसंतातील अंडी साठवून हिवाळ्यात विकू लागले. परंतु साठवलेले अंडे ते साठवलेलेच. ताज्या अंड्याला ग्राहक जास्त दाम मोजण्यास तयार होता. म्हणून हिवाळ्यात अंडी देणारी कोंबडी हे पाळणाऱ्याचे स्वप्न होते. उबदार खुराडे, गरम कालवलेले खाद्य, मांसाचे तुकडे असे अनेक उपाय त्यासाठी करून पाहिले गेले. थंडी हेच अंडी बंद होण्याचे कारण असावे, असा सर्वसाधारण समज होता.

कंदिलापासून विजेच्या दिव्यापर्यंत :

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काळात काही हौशी व व्यावसायिक पाळणाऱ्यांनी हिवाळ्यातील पहाट आणि सायंकाळ दिव्याने लांबवून पाहिली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हा प्रयोग कृषी संस्थांच्या कक्षेत आला. वॉशिंग्टन राज्यातील पुयॅलप येथील प्रयोगकेंद्रात जॉर्ज शूप यांनी आणि न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात प्रा. जेम्स राईस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिव्याखालच्या व दिव्याविना ठेवलेल्या कळपांची तुलना केली. 1920 च्या दशकात याविषयीच्या विस्तार-पुस्तिका शेतकऱ्यांच्या हाती पडू लागल्या.

अडचण होती ती दिव्याची. 1930 च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील दर दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज पोहोचली होती. त्यामुळे गॅसोलीनवर पेटणारे कंदील, किंवा 1916 पासून बाजारात आलेल्या ‘डेल्को-लाइट’सारख्या इंजिन व बॅटरीच्या घरगुती संचांवर पाळणाऱ्याला भिस्त ठेवावी लागे. 1935 साली ग्रामीण विद्युतीकरण प्रशासनाची स्थापना झाल्यानंतर चित्र झपाट्याने पालटले. दर दोनशे चौरस फूट जमिनीला झाकणीसह एक 40 वॅटचा दिवा, हे प्रमाण पुढे व्यवहारात रूढ झाले.

या काळातील तांत्रिक खटपटी उद्बोधक आहेत. सायंकाळी दिवा एकदम मालवला की अंधारात कोंबड्यांना दांडीवर चढता येत नसे. त्या जमिनीवरच घोळक्याने बसत. म्हणून दिवा टप्प्याटप्प्याने मंद करण्याच्या जोडण्या निघाल्या. दुसरा मार्ग पहाटे दिवा लावण्याचा. तेथे मालवण्याचा प्रश्नच नव्हता, कारण दिव्यानंतर सूर्योदयच होई. त्यासाठी गजराच्या घड्याळाला विजेची कळ जोडण्याची युक्ती केली जाई. शेतकऱ्याची झोप वाचवण्यासाठी केलेली ही जुळणी म्हणजे आजच्या स्वयंचलित प्रकाशनियंत्रकाची पूर्वजच म्हणावी लागेल.

दोन चुकीची उत्तरे :

दिव्याने अंडी का येतात? पहिल्या पिढीचे उत्तर सरळ होते : दिवस मोठा झाल्याने कोंबडीला खाण्यास अधिक वेळ मिळतो. हिवाळ्याच्या चौदा-पंधरा तासांच्या रात्रीत तिची पोटाची पिशवी रिकामी होते. दिवा लावला की ती अधिक दाणे टिपते आणि त्या जादा खाद्याचे अंडे होते. हे उत्तर तर्काला पटणारे होते. दिव्याखालच्या कोंबड्या खरोखरच अधिक खात. परंतु येथे कार्य आणि कारण यांची अदलाबदल झाली होती. अंडी देऊ लागल्यामुळे कोंबडीची भूक वाढत होती.

याच सुमारास कॅनडातील एडमंटन येथे अल्बर्टा विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ विल्यम रोवन एका निराळ्या प्रश्नाचा विचार करीत होते : स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना निघण्याची वेळ कशी कळते? वनस्पतींच्या फुलण्याचा दिवसाच्या लांबीशी संबंध असल्याचे गार्नर व अॅलर्ड यांनी 1920 मध्ये दाखवले होते. 1924 च्या शरद ऋतूत रोवन यांनी जंको जातीचे छोटे पक्षी पकडून उघड्या पिंजऱ्यांत ठेवले आणि विजेच्या दिव्यांनी त्यांचा दिवस रोज थोडाथोडा वाढवला. तापमान गोठणबिंदूच्या कितीतरी खाली गेले असतानाही, ऐन हिवाळ्यात या पक्ष्यांच्या जननग्रंथी वसंतातल्यासारख्या वाढल्या. 1925 मध्ये हे निष्कर्ष ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. थंडी हे कारण नव्हे, दिवसाची लांबी हे कारण आहे, ही गोष्ट स्पष्ट झाली.

परंतु रोवन यांचे पहिले स्पष्टीकरणही चुकलेलेच होते. प्रकाशामुळे पक्षी अधिक काळ जागा राहतो, हालचाल करतो व या व्यायामामुळे त्याच्या ग्रंथी वाढतात, असे त्यांनी मांडले. शेतकऱ्याने खाण्याला श्रेय दिले, शास्त्रज्ञाने व्यायामाला दिले. दोघांनाही प्रकाश हा केवळ निमित्त वाटला. प्रकाश स्वतःच शरीराला संदेश देत असेल, ही कल्पना दोघांनाही सहज सुचली नाही.

खरे कारण :

1933 मध्ये केंब्रिज येथील एडिथ व्हेदम यांनी निरनिराळ्या अक्षांशांवरील अंडी-उत्पादनाचे आकडे एकत्र मांडले आणि वर्षभरातील चढउतार दिवसाच्या लांबीतील बदलाशी जुळतात असे दाखवले. त्याच दशकात स्ट्रासबर्ग येथील झाक बनुआ यांनी बदकांवर प्रयोग केले. दृष्टी गेलेल्या बदकांवरही प्रकाशाचा परिणाम होत होता. इतकेच नव्हे तर स्फटिकाच्या दांडीतून प्रकाश थेट मेंदूच्या तळाशी पोहोचवला असताही जननग्रंथी वाढत होत्या. पुढे 1968 ते 1970 या काळात मायकेल मेनाकर यांनी चिमण्यांच्या डोक्याच्या त्वचेखाली शाई टोचून प्रकाश अडवला, तेव्हा हा प्रतिसाद मंदावला. पक्षी ऋतू ओळखतो तो डोळ्यांनी नव्हे, कवटीतून पाझरणाऱ्या प्रकाशाने, हे यातून सिद्ध झाले.

मेंदूतील ही साखळी पुरती उलगडण्यास एकविसावे शतक उजाडले. जपानमधील नागोया विद्यापीठातील ताकाशी योशिमुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानी लाव्ह्यावर केलेल्या संशोधनातून (2003 व 2008) असे दिसले की, दिवस मोठा होताच मेंदूच्या तळाशी अवटु संप्रेरकाची क्रिया वाढते, त्यातून पोष ग्रंथीला चेतना मिळते आणि अंडाशय जागा होतो. पहाटे गजराच्या घड्याळाने लागणारा दिवा आणि हे स्पष्टीकरण यांत जवळजवळ एका शतकाचे अंतर आहे.

दिव्याने काय दिले, काय घेतले :

आरंभीच्या प्रयोगांतून एक गोष्ट लवकरच ध्यानात आली होती. दिव्यामुळे वर्षभराच्या एकूण अंड्यांत फारशी वाढ होत नसे. वसंतातील अंडी हिवाळ्याकडे सरकत. म्हणजे दिव्याने विकत घेतली ती अंडी नव्हे, तर अंड्यांची वेळ; आणि नफा वेळेतच होता. वार्षिक उत्पादनात पुढे जी प्रचंड वाढ झाली तिचे मोठे श्रेय पैदास, आहार व रोगनियंत्रण यांना जाते. मात्र हंगाम मोडल्याशिवाय बारमाही अंडी-उद्योग उभा राहिला नसता. आणि तो मोडल्यावर जादा भावही उरला नाही. सर्वांच्याच खुराड्यांत दिवे आले तेव्हा हिवाळ्यातील अंडे दुर्मीळ राहिले नाही. ज्या लाभासाठी पहिल्या पाळणाऱ्याने दिवा लावला, तो लाभ दिव्याच्या प्रसारानेच संपवला.

कोंबडीच्या बाजूनेही हिशेब मांडला पाहिजे. दिव्याने कोंबडी ‘पिळली’ जाते, ही शंका त्या काळीच घेतली जात असे. तिला आधार होता. कोवळ्या तलंगांचा दिवस अकाली वाढवला तर त्या लहान वयातच अंड्यावर येतात, अंडी बारीक राहतात व अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो. भर हिवाळ्यात दिवा अचानक बंद पडला तर पिसे झडतात आणि अंडी थांबतात. रीडिंग विद्यापीठातील टी. आर. मॉरिस प्रभृतींच्या संशोधनातून पुढे पक्का झालेला नियम असा : वाढत्या तलंगांचा दिवस वाढवू नये आणि अंड्यावरील कोंबडीचा दिवस घटवू नये. 1999 च्या युरोपीय निर्देशाने तर दिवसाचा सुमारे एक तृतीयांश भाग अखंड अंधार असावा, अशी अटच घातली. प्रकाश देण्यापासून सुरू झालेला हा इतिहास अंधाराच्या हक्कापाशी येऊन पोहोचला.

महाराष्ट्राचा संदर्भ :

कॉर्नेलच्या परिसरात वर्षातील सर्वांत लहान दिवस सुमारे 9 तासांचा, तर सर्वांत मोठा सव्वापंधरा तासांचा असतो. पुण्यात हे अंतर सुमारे 11 ते सव्वातेरा तास एवढेच आहे. त्यामुळे आपल्याकडील कोंबडीला उत्तरेसारखा कडक हिवाळी खंड पडत नाही. गावठी कोंबडी थांबते ती प्रामुख्याने खुडूक बसल्याने. तरीही येथील व्यावसायिक शेडमध्ये 16 तासांच्या प्रकाशाचे वेळापत्रक रूढ आहे, कारण संकरित कोंबडीबरोबर तिची व्यवस्थापन-पद्धतीही आली. भावाचे गणित मात्र उलटे आहे. तेथे हिवाळ्यात पुरवठा आटल्याने भाव चढे. येथे थंडीत मागणी वाढल्याने चढतो. एकच दिवा दोन ठिकाणी दोन निराळ्या प्रश्नांचे उत्तर म्हणून वापरला गेला, हे पाठ्यपुस्तकांतून सहसा सांगितले जात नाही.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, कृत्रिम प्रकाशाचा वापर हे सिद्धान्ताचे उपयोजन नव्हते. व्यवहाराने दिलेल्या पुराव्याचा अर्थ लावण्यात विज्ञानाला अनेक दशके लागली. दोन, यशस्वी कृती ही तिच्या स्पष्टीकरणाचा पुरावा ठरत नाही. खाद्याचा सिद्धान्त चुकीचा असूनही दिवा काम करीतच होता, आणि तो काम करीत होता म्हणूनच चूक टिकून राहिली. तीन, तंत्रज्ञानाने जे बदलले ते प्रमाण नव्हे, तर काळ; एका सजीवाच्या शरीरातील पंचांग बाजाराच्या पंचांगाशी जुळवले गेले. विज्ञान व इतिहास या दोन्ही विषयांच्या अध्यापकांनी हे उदाहरण वर्गात एकत्रितपणे मांडल्यास ‘उपयोग होतो’ आणि ‘खरे आहे’ या दोन विधानांतील अंतर विद्यार्थ्यांना एका साध्या खुराड्याच्या आधारे समजावता येईल.