चिंता आणि हृदय

लंडनचा नामांकित शस्त्रवैद्य जॉन हंटर यास बरींच वर्षें हृच्छूळाची व्यथा होती. कोणाही हलकटानें आपणांस डिवचावें नि आपला प्राण घ्यावा, असें तो म्हणे. ता. १६ ऑक्टोबर १७९३ रोजीं सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या सभेंत वाद झाला. संतापलेला हंटर बाहेर पडतांच कोसळला व गतप्राण झाला. शवपरीक्षेंत हृदयास रक्त पुरविणाऱ्या धमन्या हाडासारख्या कठीण झालेल्या आढळल्या. देवीच्या लशीनें पुढें विख्यात झालेला त्याचा शिष्य जेन्नर यास हा संशय आधींच होता. पण गुरूच्या मनास धक्का बसेल म्हणून तो गप्प राहिला. हें मौन आम्हांस मोठें बोलकें वाटतें!

संताप क्षणाचा, दीर्घ विषादाचें काय? मॉन्ट्रियल येथें हृदयविकाराच्या झटक्यांतून वांचलेल्या २२२ रोग्यांची पाहणी १९९३ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांत विषण्ण रोगी सहा महिन्यांत अधिक प्रमाणांत दगावले. मग विषाद घालवावा, कीं हृदय वांचलें! अमेरिकेंत खिन्न अथवा एकाकी अशा २,४८१ रोग्यांवर तोच प्रयोग झाला. २००३ सालीं निष्कर्ष आला: मनें कांहींशीं सांवरलीं, मृत्यु मात्र घटले नाहींत. विषाद रक्तवाहिन्यांस प्रत्यक्ष पोखरतो, कीं खचलेला रोगी औषध नि व्यायाम सोडून बसतो, हा वाद वैद्यांत अद्याप चालू आहे.