पाच रेघांवरचा वाद्यवृंद

हिंदी चित्रपटगीतांमागे पन्नास-साठ वादकांचा ताफा उभा राहिला, तो गोव्याच्या वादकांच्या बळावर. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ही मुले मोठी होऊन मुंबईत आली. आधी हॉटेलांच्या बँडमध्ये आणि पुढे स्टुडिओत शिरली.

संगीतकार पेटीवर चाल ऐकवी आणि अरेंजर ती ऐकता ऐकता पाच रेघांच्या स्टाफ नोटेशनमध्ये उतरवून घेई. सुरुवातीचे आणि अंतऱ्यांमधले संगीत बांधणे, गायकाच्या सुरामागून चालणारी दुसरी स्वरावली रचणे आणि मग प्रत्येक वाद्याचा पार्ट वेगळा लिहिणे, हे त्याचे काम. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसोझा हे करत. चितळकर रामचंद्रांकडे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते.

पार्ट लिहिण्यात बारकावे फार. बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर ‘सी’ वाचून वाजवला की ऐकू येतो ‘बी-फ्लॅट’. म्हणून हवा असलेला सूर कागदावर एक पूर्ण स्वर वर लिहावा लागतो, आल्टो सॅक्सोफोनसाठी तर त्याहून बराच वर. व्हायोलिनच्या ओळीत एकाच गजात ओढायचे स्वर कमानीने जोडायचे. मींड मात्र या रेघांवर पुरती मावत नाही. ती वादकाच्या कानावरच सोडावी लागे. सोळा बार गप्प बसायचे असतील तर जाड आडव्या रेघेवर १६ चा आकडा, आणि पान उलटायची जागा शक्यतो अशाच विश्रांतीत. गायक आणि वादक एकत्रच ध्वनिमुद्रित होत, त्यामुळे एका पार्टातल्या एका चुकीने अख्खा टेक पुन्हा घ्यावा लागे. सतारिये, तबलजी याच खोलीत सरगम लिहून किंवा कानाने वाजवत. दोन्ही परंपरा जुळवणे हेच अरेंजरचे खरे कौशल्य होते.

गोव्यातल्या माजोर्ड्याचे अरेंजर अँथनी गोन्साल्विस यांनी हेच लेखन रागसंगीताकडे नेले. १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेविअर्स कॉलेजच्या प्रांगणात त्यांच्या इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्राने भारतीय रागांवरच्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले.

चित्रपटांच्या श्रेयनामावलीत मात्र अरेंजर बहुधा नुसता ‘सहायक’ असे आणि ही मोठी उणीव होती. गोन्साल्विस यांचे नाव घरोघरी पोचले ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यामुळे. त्याचे संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल; यांतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते गोन्साल्विस यांच्याकडेच.