पुस्तक सांगणारा माणूस



दोन वाचणारी माणसे बाजारात किंवा मोटारस्टँडवर भेटली, की पाऊसपाणी आणि प्रकृती यांची चौकशी संपल्यावर एक प्रश्न ठरलेला असतो : “सध्या काय वाचता?” प्रश्न अगदी साधा आहे. त्याचे उत्तर देणारा पुष्कळदा एखादे नाव सांगतो, “अवश्य वाचा” म्हणतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. या क्षुल्लक दिसणाऱ्या व्यवहाराला इतिहास आहे काय? आहे, आणि तो बराच लांबचा आहे. राजांचा आणि लढायांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकतो. आज मी एका माणसाने दुसऱ्याला पुस्तक सांगण्याचा इतिहास आपणांपुढे मांडणार आहे. हा विषय हिवरा आश्रमासारख्या गावी मांडण्याला एक विशेष कारण आहे. ते ओघाने येईलच.

आपल्याकडे छापखाना येण्यापूर्वी वाचन हे एकट्याने करावयाचे कामच नव्हते. चातुर्मास लागला, की मारुतीच्या देवळात किंवा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर पोथी लागे. एकजण वाची, दुसरा अर्थ सांगे आणि सारा गाव ऐके. श्रीधरकवीचे ‘हरिविजय’, ‘रामविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ हे ग्रंथ अठराव्या शतकाच्या आरंभीचे. अक्षरओळख नसलेल्या हजारो माणसांना ते पाठ होते, हे या सामुदायिक वाचनाचे फळ. आणि पोथीच्या अखेरीस फलश्रुती असते, ती तरी काय आहे? हा ग्रंथ वाचला तर तुम्हांला काय लाभेल, हे ती सांगते. आजच्या भाषेत बोलायचे, तर ती त्या ग्रंथाची शिफारसच होय. पुस्तकाच्या वेष्टनावर चार स्तुतीच्या ओळी छापण्याची प्रथा आपण नवी समजतो. आपल्या पोथ्यांनी ती केव्हाच आत्मसात केली होती.

पण याच भूमीत याच्या उलटही घडले आहे. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामी या वऱ्हाडातून हिंडले. आपल्या शेजारचे लोणार त्यांच्या लीळांत आहे. म्हाइंभटांनी पुढे गावोगाव माणसांना विचारून त्या लीळा गोळा केल्या आणि रिद्धपुरास ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. मराठीतला हा आद्य गद्य चरित्रग्रंथ माणसामाणसाला विचारूनच तयार झाला आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. परंतु पुढे पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. ग्रंथ जिवापाड सांभाळले गेले, पण पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला ते शतकानुशतके अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे, वि. ल. भावे आदींच्या खटपटीने ती कुलुपे उघडली आणि मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्याने लिहावा लागला. ग्रंथ नुसता असून भागत नाही. तो आहे, हे कोणीतरी कोणालातरी सांगावे लागते.

आता ज्या भाव्यांचे नाव मी घेतले, त्यांनीच १८९३ साली ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन करण्यात पुढाकार घेतला होता. हा योगायोग नव्हे. ज्याला जुने ग्रंथ उघडावेसे वाटले, त्यालाच ते चारचौघांच्या हाती द्यावेसे वाटले. तत्पूर्वी ग्रंथालये नव्हती असे नाही. रत्नागिरीस १८२८ साली, नाशकास १८४० साली आणि पुण्यास १८४८ साली ती निघाली होती. पण त्यांचा जन्म बहुधा इंग्रज अधिकाऱ्यांच्या प्रेरणेने झालेला, कपाटांत इंग्रजी पुस्तकांचा भरणा आणि वर्गणी भरू शकणारे लोक मोजके. ठाणे आणि त्यामागून १८९८ साली मुंबई येथे जी संग्रहालये झाली, त्यांनी मराठी पुस्तक हेच आपले दैवत मानले. त्या काळी पुष्कळ पुस्तके आगाऊ वर्गणीदार मिळवून छापली जात आणि आश्रयदात्यांची यादी पुस्तकातच छापीत. आपल्या ओळखीच्या गृहस्थाचे नाव त्या यादीत दिसले, की दुसऱ्याचाही हात खिशाकडे जाई. नाव छापणे हीच शिफारस होती.

या साऱ्या खटाटोपाच्या मध्यभागी न्यायमूर्ती रानडे उभे आहेत. आपण जिला वसंत व्याख्यानमाला म्हणतो, तिचा आरंभ पुण्यास १८७५ साली त्यांच्याच प्रेरणेने झाला. उन्हाळ्याच्या संध्याकाळी लोकांनी एकत्र जमावे, एखाद्या जाणत्याने आपण वाचलेले आणि विचार केलेले सांगावे, आणि ऐकणाऱ्याने घरी जाताना दोन ग्रंथांची नावे मनात घेऊन जावे, हाच त्या मालेचा अर्थ. पुढे तीनच वर्षांनी, १८७८ साली, रानडे आणि लोकहितवादी यांनी मराठी ग्रंथकारांना पुण्यास एकत्र बोलाविले. ज्याला आज आपण अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन म्हणतो, त्याची परंपरा तेथून मोजतात. लिहिणारे एकमेकांस ओळखत नव्हते आणि वाचणाऱ्यांपर्यंत पुस्तके पोचत नव्हती. हे दुहेरी दुखणे दूर करावे, ही त्या बोलावण्यामागची कळकळ होती.

परंतु येथे एक अप्रिय प्रश्न उभा राहतो. पुस्तक सांगणारा कोण, आणि कोणाला सांगणार? १८८५ साली असेच ग्रंथकारांचे दुसरे संमेलन भरावयाचे होते. त्याचे निमंत्रण महात्मा फुले यांना गेले. फुल्यांनी येण्याचे नाकारले आणि नकाराची कारणे पत्रात स्पष्ट लिहिली. सर्वांना माणुसकीचे हक्क देण्यास जे मनापासून तयार नाहीत, त्यांच्या ग्रंथांशी आमच्या ग्रंथांचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. फुल्यांचा अनुभवही तसाच होता. १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीपुढे ठेवले. शेतकऱ्याच्या अज्ञानाचा लाभ कोण घेतो आणि विद्येने त्याचे डोळे कसे उघडतात, हा त्याचा विषय. कमिटीने ते नाकारले आणि फुल्यांच्या हयातीत ते छापले गेले नाही. चांगले पुस्तक कोणते हे ठरविणारी मंडळी एकाच आळीतली असली, की दुसऱ्या आळीचे पुस्तक कपाटापर्यंत पोचतच नाही. रानड्यांची थोरवी मान्य करूनही फुल्यांचे हे पत्र आपण विसरता कामा नये. मग त्या दुसऱ्या आळीने आपली वाट आपणच काढली. मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून ‘दीनमित्र’ हे पत्र नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून चालविले, आणि पुढे तरवडीसारख्या लहान गावाचे नाव त्यामुळे महाराष्ट्रात झाले.

आता याच विषयातली एक हकिकत सांगतो. ती पुष्कळांना ठाऊक असेल, तरी या दृष्टीने फारशी कोणी पाहिली नसेल. मुंबईत कृष्णराव अर्जुन केळूसकर नावाचे शिक्षक होते. त्यांनी स्वतः मराठीत गौतम बुद्धाचे चरित्र लिहिले होते. चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी ते वाचीत बसत. तेथेच आणखी एक मुलगा शाळा सुटल्यावर पुस्तक घेऊन बसलेला त्यांना दिसे. त्यांनी त्याची विचारपूस केली. महार समाजातला तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढे भीमराव परीक्षा उत्तीर्ण झाला, तेव्हा त्याच्या समाजाच्या मंडळींनी सत्काराची सभा भरविली. त्या सभेत केळूसकरांनी आपले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले.

श्रोतेहो, त्या काळचा विचार करा. शाळेत त्या मुलाला इतरांपासून दूर बसावे लागत होते आणि संस्कृत शिकण्याची वाट त्याला बंद होती. अशा मुलाला एक वडीलधारा गृहस्थ बागेत विचारतो, काय वाचतोस? आणि स्वतःचे पुस्तक देतो. घरी वडील रामायण-महाभारत वाचून घेत असत. त्या वाचनातून या मुलाच्या मनात अनेक शंका उठत होत्या. बुद्धाची कथा वाचल्यावर त्याला निराळी वाट दिसली. हे बाबासाहेबांनी स्वतःच आपल्या अखेरच्या वर्षात, ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेच्या निमित्ताने नमूद करून ठेवले आहे. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्या विदर्भात, नागपूरला, जो धम्मदीक्षेचा प्रसंग घडला त्याची कारणे अर्थातच अनेक आणि मोठी आहेत. एका पुस्तकावर तो सारा भार टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. पण त्या लांब वाटेच्या आरंभी एक भेट दिलेले पुस्तक आहे, एवढे मात्र खरे.

केळूसकर तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांकडे या विद्यार्थ्याचे नाव सांगितले. बडोद्याच्या साहाय्याने भीमराव पदवीधर झाले आणि १९१३ साली बडोद्याचीच शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. पुस्तकाची शिफारस आणि माणसाची शिफारस एकाच हाताने केली गेली.

आणि बडोद्याचे नाव निघाले, म्हणून तेथील ग्रंथालयांविषयीही सांगितले पाहिजे. सयाजीरावांनी १९०६ साली आपल्या राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शाळेतून बाहेर पडलेले मूल वाचायला काही न मिळाल्यास शिकलेले विसरते, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाचे तज्ज्ञ बोलाविले. मध्यवर्ती ग्रंथालय झाले, गावोगाव ग्रंथालये निघाली. गावाने काही रक्कम उभी करावी आणि तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने व तेवढीच सरकारने घालावी, असा तिहेरी नियम होता. आणि जेथे ग्रंथालय नाही, तेथे लाकडी पेट्यांत पुस्तके भरून त्या फिरत्या ठेवल्या. पेटी गावात येई, पुस्तके वाचली जात, पेटी परत जाई आणि दुसरी येई. भाड्याचा भार खेड्यावर नव्हता. विहिरीच्या पाण्याला माणसाने जायचे असते. येथे पाणीच दारी येत होते.

आता हिवरा आश्रमाकडे वळतो. २०१७ साली ९१व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनासाठी या गावाची निवड जाहीर झाली. शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमाने ते निमंत्रण दिले होते. त्यावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. आश्रमाच्या भूमीवर साहित्याचे संमेलन असावे काय, महाराजांच्या कार्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, यावर तीव्र मते मांडली गेली. अखेर आश्रमाने निमंत्रण मागे घेतले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये संमेलन भरले ते बडोद्यास. त्या वादाचा निवाडा करण्याला मी येथे उभा नाही. दोन्ही बाजूंना आपापल्या निष्ठा होत्या. परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला एक गोष्ट टोचते. वाद संमेलनाच्या जागेचा झाला. या तालुक्यातला वाचक काय वाचतो, त्याला पुस्तक कोठे मिळते, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा ऐकू आला नाही. फुल्यांनी १८८५ साली विचारलेल्या प्रश्नाची ही धाकटी बहीणच म्हणावयाची.

आणि हा तालुका वाङ्मयाला परका आहे काय? आपल्या मेहकरात वकिली करणारे ना. घ. देशपांडे हे मराठीतले मोठे भावकवी. त्यांचा ‘शीळ’ हा संग्रह १९५४ साली निघाला, पण ते गीत त्यापूर्वीच जी. एन. जोशी यांच्या गळ्यातून, ग्रामोफोनच्या तबकडीवरून घरोघर पोचले होते. पुस्तक मागाहून आले, कविता आधी आली. कानाने कानाला सांगितली. पुढे १९८६ साली त्यांच्या ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कवी मेहकरात राहिला आणि त्याची शीळ महाराष्ट्रभर गेली. पुस्तकांनी मात्र आपल्याकडे येऊ नये, असे थोडेच आहे!

राज्याने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि १९६८च्या महाराष्ट्रदिनापासून तो अमलात आला. त्यामुळे गावोगावच्या ग्रंथालयांना अनुदान मिळू लागले. साताऱ्याच्या भिलारला २०१७ साली पुस्तकांचे गाव झाले आणि तेथे घराघरांत पुस्तके ठेवली गेली. नाशकाच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या छत्राखाली विनायक रानडे यांनी २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. त्यात पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे जातात, काही काळाने बदलतात, आणि परदेशातल्या मराठी कुटुंबांपर्यंतही त्या गेल्या आहेत. बडोद्याची पेटीच ही. फरक एवढाच, की ती राजाने पाठविली होती आणि ही वाचकांनी वाचकांसाठी भरली आहे.

पण कायदा, अनुदान आणि पेटी यांनी पुस्तक दारापर्यंत येते. उंबरठा ओलांडून आत येत नाही. त्याला माणूस लागतो. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे त्यांतले दोन. या दोहोंची गाठ घालून देणारा तो पुस्तक सांगणारा माणूस. केळूसकर तसे होते. त्यांच्या ठायी तीन गुण दिसतात. त्यांनी आधी विचारले, मग सांगितले. स्वतः पारखलेले तेच दिले. आणि देताना समोरच्याची जात, वय, ऐपत पाहिली नाही.

म्हणून माझी विनंती फार लहान आहे. आपल्या गावच्या वाचनालयात मेजावर एक साधी वही ठेवावी. ज्याने पुस्तक परत केले, त्याने त्यात चार ओळी लिहाव्या : पुस्तक कोणते, कोणाला आवडेल, आणि कोठे कंटाळा आला तेही, कारण खोट्या स्तुतीने वाचक एकदाच फसतो. शेतमजुराने लिहावे, मास्तरांनी लिहावे, शाळेतल्या मुलीने लिहावे. आणि महिन्यातून एका संध्याकाळी ती वही मोठ्याने वाचावी. पूर्वी पोथी वाचीत, तशी.

बागेत बसलेला मुलगा आजही कोठेतरी असेल. त्याच्याजवळून जाताना आपण थांबतो की नाही, एवढाच प्रश्न आहे.